सामाईक विहीर

आप्पांच्या लॅपटॉपवर ‘जुनी कामं’ नावाचं एक फोल्डर आहे. १९९८ पासूनची सगळी कामं त्यात आहेत. लग्नपत्रिका, पतसंस्थांचे वार्षिक अहवाल, शाळांच्या स्मरणिका, दिवाळी अंक, यात्रांची हँडबिलं, एका निवृत्त गुरुजींनी पदरमोड करून काढलेला कवितासंग्रह. वाईत आमचा छापखाना होता. आधी खिळे जुळवायचे, ट्रेडल मशीन चालायचं. मग ऑफसेट आलं आणि आप्पा वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी पेजमेकर हा संगणकावर पानं जुळवायचा प्रोग्रॅम शिकले. छापखाना २०१४ मध्ये बंद झाला, फोल्डर राहिलं. अजूनही वर्षातून चार-पाच जण येतात. “आप्पा, आमच्या वडिलांच्या पुस्तकाची फाइल असंल का हो तुमच्याकडं?” असं विचारतात. ती असते, आणि आप्पा काढून देतात.

ही कामं उघडायला पेजमेकर लागतं आणि त्या काळचे मराठी फॉन्ट लागतात. त्या फॉन्टमध्ये मराठी अक्षरं इंग्रजी अक्षरांच्या जागांवर बसवलेली असायची. फाइलमध्ये साठायची ती रोमन अक्षरं आणि चिन्हं. फॉन्ट त्यांना मराठी रूप द्यायचा. फॉन्ट काढून घेतला, की मजकुराच्या जागी डॉलर, कंस आणि डोक्यावर टोप्या घातलेली परकी अक्षरं उरतात. आताच्या युनिकोड पद्धतीत प्रत्येक अक्षराला स्वतःचा क्रमांक आहे, ‘क’ म्हणजे ०९१५, मग फॉन्ट कुठलाही लावा. पण पेजमेकरची शेवटची म्हणजे सातवी आवृत्ती २००१ ची, आणि तिला युनिकोडमधली देवनागरी येत नाही. म्हणजे हे सगळं काम विंडोजवर, त्याच पेजमेकरमध्ये, त्याच फॉन्टांसह उघडणार. लिनक्सवर, म्हणजे विंडोजऐवजी वापरता येणाऱ्या प्रणालीवर, ते धड चालत नाही.

इकडे १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा आधार संपला. आप्पांचा लॅपटॉप २०१७ चा. विंडोज ११ साठी प्रोसेसरची जी यादी आहे तीत त्याचा नंबर लागत नाही. लॅपटॉप धडधाकट आहे, कीबोर्डवरच्या तीन-चार अक्षरांचा रंग गेलाय एवढंच. त्यावर आप्पा पेन्शनचं खातं बघतात, पत्रं लिहितात, नातवाशी व्हिडिओवर बोलतात. सुरक्षेचे अपडेट बंद झालेल्या यंत्रावर बँकेचा पासवर्ड टाकायचा, हे मला पटेना. नवा लॅपटॉप घ्यावा तर जुनी कामं कुठे उघडायची? शेवटी ठरवलं, विंडोज जागेवर ठेवायचं पण त्याचं इंटरनेट तोडायचं, आणि शेजारी लिनक्सचाच एक अवतार, लिनक्स मिंट, बसवायचं. मिंटच्या २२ क्रमांकाच्या मालिकेला २०२९ पर्यंत अपडेट मिळणार आहेत. नेटचं सगळं तिकडे.

दिवाळीच्या सुट्टीत वाईला गेलो तेव्हा आप्पांना हे समजावून सांगत होतो. डिस्क एकच आहे, २५६ जीबीची. तिची वाटणी करायची. एका भागात विंडोज, दुसऱ्या भागात मिंट.

‘वाटणी’ म्हटल्यावर आप्पा सावरून बसले. १९८३ साली त्यांच्या आणि तात्यांच्या जमिनीची वाटणी झाली होती. मोजणी झाली, बांध पडला, सातबारे वेगळे झाले. मी म्हटलं, डिस्कलाही असाच एक सातबारा असतो, कुठून कुठपर्यंत कुणाचं ते त्यात लिहिलेलं असतं. जुन्या पद्धतीत त्या कागदावर चारच मुख्य वाटण्या मावायच्या, आताच्या पद्धतीत सहसा १२८ पर्यंत मावतात.

आप्पांनी एकच विचारलं. “विहीर कुणाकडं?”

मी बोलता बोलता थांबलो, कारण इतका नेमका प्रश्न मला अपेक्षित नव्हता. विहीर असते. डिस्कच्या सुरुवातीला एक छोटंसं पार्टिशन असतं, आप्पांच्या लॅपटॉपवर जेमतेम १०० एमबीचं. त्यात ना आपल्या फाइली, ना पेजमेकर. तिथे असतात फक्त प्रत्येक घराला जाग आणणारे प्रोग्रॅम. बटण दाबल्यावर मदरबोर्डवरचं फर्मवेअर, म्हणजे यंत्रातच बसवलेला प्रोग्रॅम, जागं होतं, स्वतःजवळची क्रमवारी बघतं आणि या छोट्या पार्टिशनमधून पहिल्या नंबरचा प्रोग्रॅम उचलतं. तो पुढच्याला उठवतो, पुढचा त्याच्या पुढच्याला. विंडोजचं पाणी तिथूनच, मिंटचंही तिथूनच.

“म्हणजे सामाईक,” आप्पा म्हणाले. “मग भांडणं तिथंच होणार.”

तात्यांशी त्यांचं चाळीस वर्षांत एकदाही भांडण झालं नाही. पण पाळीच्या दिवशी आप्पा स्वतः विहिरीवर जाऊन उभे राहायचे, आणि तात्याही यायचे, हे मी लहानपणी पाहिलंय.

पहिली अडचण बांधाची आली. विंडोजच्या ताब्यात पूर्ण डिस्क होती. तिच्यातली ८० जीबी जागा सोडवायची होती, आणि शंभरावर जीबी मोकळीच होती. तरी विंडोजमधलं वाटणीचं साधन, डिस्क मॅनेजमेंट, म्हणालं, ११ जीबी देतो, जास्त नाही. याचं कारण सोपं आहे. मोकळी जागा किती आहे यावर बांध ठरत नाही, मधे काय उभं आहे यावर ठरतो. विंडोजच्या काही फाइली जागच्या हलवता येत नाहीत. झोपी जाताना सगळी अवस्था लिहून ठेवायची ती हायबरनेशनची फाइल, मेमरी कमी पडली तर वापरायची पेजफाइल, मागच्या स्थितीत परतायला राखलेले रिस्टोअर पॉइंट. अशी एखादी फाइल शेताच्या मध्यावर आंब्यासारखी उभी असली, की बांध तिच्या अलीकडे येत नाही. मी हायबरनेशन बंद केलं, पेजफाइल तात्पुरती काढली, रिस्टोअर पॉइंट पुसले, लॅपटॉप पुन्हा सुरू केला. ८० जीबी मिळाले.

मग मिंटचा पेनड्राइव्ह. उतरवलेल्या फाइलची बेरीज, म्हणजे ती जशीच्या तशी उतरली का हे सांगणारा आकडा, जुळवून पाहिली. हा पाच मिनिटांचा कंटाळा कुणी टाळू नये. अर्धवट उतरलेली फाइल पुढे कुठल्या रूपात छळेल याचा नेम नसतो. पेनड्राइव्हवरून मिंट सुरू झालं, हिरवट पडदा आला, वायफाय लागलं, आप्पांनी दोन ओळी टाइप करून बघितल्या. मी इन्स्टॉल म्हटलं आणि पुढच्या पानावर डिस्कच दिसेना. २५६ जीबीची डिस्क, जिच्यावर आप्पांची सत्तावीस वर्षं होती, ती यादीत नाहीच. फक्त पेनड्राइव्ह.

डिस्क बिघडली असती तर विंडोजही सुरू झालं नसतं, म्हणजे ती होती, दिसत नव्हती. लॅपटॉप बनवणाऱ्यांनी कारखान्यातच स्टोरेज ‘रेड’ पद्धतीवर ठेवलं होतं. त्या पद्धतीत एनव्हीएमई प्रकारची डिस्क कंट्रोलरच्या आड जाते, आणि तिच्याशी बोलायचा ड्रायव्हर विंडोजकडे असतो, मिंटच्या इन्स्टॉलरकडे नसतो. ते बदलून ‘एएचसीआय’ केलं की डिस्क सगळ्यांना दिसते. मला हे माहीत होतं. मी बायोसमध्ये, म्हणजे फर्मवेअरच्या सेटिंगमध्ये गेलो, बदललं, सेव्ह केलं. आणि इन्स्टॉल करण्याआधी विंडोज नीट सुरू होतंय ना ते बघावं, म्हणून पेनड्राइव्ह काढून बटण दाबलं.

निळा पडदा. वर तो पडलेला चेहरा, खाली ‘इनअॅक्सेसिबल बूट डिव्हाइस’.

आप्पा शेजारीच होते. त्यांनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाने पुसला, परत घातला आणि पडद्याकडे बघत राहिले. काहीच बोलले नाहीत. आई स्वयंपाकघरातून विचारत होती, चहा टाकू का, आणि मला उत्तर देता येईना.

बॅकअप मी आदल्या दिवशीच घेतला होता. पण उघडून बघितला नव्हता. आदल्या दिवशी कॉपीची हिरवी पट्टी शेवटपर्यंत गेलेली पाहून मी निश्चिंत झालो होतो. आता त्या पट्टीवर माझा काडीचा विश्वास उरला नाही.

पडद्यावरची ओळ मी तीनदा वाचली तेव्हा ती समजली. ती डिस्क मेली म्हणत नव्हती. ज्या उपकरणावरून सुरू व्हायचं तिथपर्यंत पोचता येत नाही, एवढंच म्हणत होती. रस्ता बदलला होता आणि विंडोज जुन्या रस्त्यानेच निघालं होतं. मी बायोसमध्ये जाऊन पुन्हा ‘रेड’ केलं. विंडोज जसंच्या तसं उघडलं. आप्पांनी माऊस हातात घेऊन ‘जुनी कामं’ फोल्डर उघडलं, बंद केलं आणि आईला म्हणाले, “टाक चहा.”

नीट करायची रीत अशी. आधी विंडोजलाच सांगायचं की पुढच्या वेळी सेफ मोडमध्ये, म्हणजे अगदी गरजेपुरतं, सुरू हो. मग बायोसमध्ये पद्धत बदलायची. सेफ मोडमध्ये उठताना विंडोज नव्या पद्धतीचा ड्रायव्हर शोधून लावून घेतं. मग सेफ मोडची सूचना काढून टाकायची, की संपलं. मला यातला पहिला भाग ठाऊक नव्हता असं नाही, मी तो वगळला, कारण घाई होती. ज्यांच्या विंडोजवर डिस्कला कुलूप घातलेलं असतं, म्हणजे बिटलॉकर किंवा तत्सम, त्यांनी तर बायोसला हात लावण्यापूर्वी ४८ आकडी किल्ली कागदावर लिहून घ्यावी. फर्मवेअरमध्ये बदल दिसला की कुलूप ती किल्ली मागतं, आणि किल्ली नसेल तर आतलं आतच राहतं.

त्या रात्री मी इन्स्टॉल केलं नाही. बॅकअपची डिस्क माझ्या लॅपटॉपला लावून बसलो. फोल्डर सगळी होती, फाइली सगळ्या होत्या, आकारही जुळत होते. पण एक गोष्ट नव्हती, फॉन्ट. ते विंडोजच्या पोटात, फॉन्टच्या फोल्डरमध्ये असतात, ‘जुनी कामं’मध्ये नाहीत. त्या निळ्या पडद्यानंतर विंडोज खरंच गेलं असतं, तर सत्तावीस वर्षांच्या फाइली हातात असत्या आणि त्यातलं एक अक्षर वाचता आलं नसतं. हे समजलं तेव्हा दीड वाजला होता. सकाळी सगळ्यांत आधी आप्पांच्या विंडोजमधून दोनशेच्या वर फॉन्ट दोन डिस्कवर उतरवले, पेजमेकरची सीडी कपाटातून शोधून तिचीही प्रत केली. ज्यांच्या घरात अशा फाइली आहेत त्या सगळ्यांना मला हे हात जोडून सांगायचंय: फाइलींबरोबर फॉन्टही जपा.

मग या वेळी नीट रीतीने ‘एएचसीआय’ केलं. इन्स्टॉल पुढे वीस मिनिटांत झालं. पेनड्राइव्ह काढा, एंटर दाबा. दाबलं. सरळ विंडोज सुरू झालं, मिंट बसवलंच नसल्यासारखं.

आता घाई करायची नव्हती. बाहेर अंगणात चक्कर मारली आणि साखळी मनाशी म्हटली. फर्मवेअर, क्रमवारी, सामाईक पार्टिशन, तिथला प्रोग्रॅम, पुढे कर्नल म्हणजे प्रणालीचा गाभा. कुठल्या सांध्यावर अडलं? विंडोज व्यवस्थित उघडत होतं, म्हणजे फर्मवेअर आणि पार्टिशन ठीक. राहिली क्रमवारी. बायोसमध्ये ती यादी उघडली. दोन नावं: वर ‘विंडोज बूट मॅनेजर’, खाली ‘उबुंटू’. मिंट नावाचं काहीच नाही.

मी पाच मिनिटं त्या ‘उबुंटू’कडे बघत होतो. आप्पांच्या लॅपटॉपवर उबुंटू कधी बसवलेलंच नव्हतं. मग लक्षात आलं. मिंट उबुंटूवर उभं आहे आणि उबुंटू डेबियनवर. डेबियन १९९३ चं, उबुंटू २००४ चं, मिंट २००६ चं. नवं घर बांधलं तरी विहिरीवरच्या पाटीवर थोरल्या घराचंच नाव राहिलं. आप्पांना सांगितलं तर त्यांना त्यात नवल वाटलं नाही. आमच्या विहिरीचं वीजबिल अजून पणजोबांच्या नावाने येतं.

‘उबुंटू’ वर घेतलं. काळ्या पडद्यावर ग्रबची, म्हणजे कुठलं घर उघडायचं ते विचारणाऱ्या प्रोग्रॅमची, यादी आली, पहिल्या ओळीवर मिंट, खाली विंडोज, आणि खाली सेकंद उलटे मोजले जाऊ लागले.

इथे हे काम संपायला हवं होतं. मी पुण्याला परत आलो. चौथ्या दिवशी आप्पांचा फोन.

“अरे, लॅपटॉपचं घड्याळ मागं पडतंय.”

“किती मागे?”

“भिंतीवर सात वाजून दहा झालेत. ह्याच्यात दुपारचे एक चाळीस.”

दुसऱ्या कुणी ‘घड्याळ बिघडलंय’ एवढंच सांगितलं असतं आणि मी मदरबोर्डवरचा नाण्याएवढा सेल बदला म्हटलं असतं. आप्पा आयुष्यभर प्रूफं वाचणारे, त्यांनी दोन्ही आकडे दिले. सात दहातून एक चाळीस गेले, राहिले साडेपाच तास बरोब्बर. सेल संपला की घड्याळ साडेपाचच तास कशाला मागे पडेल?

साडेपाच हा आपला आकडा आहे. ग्रीनिचच्या साडेपाच तास पुढे भारत. लॅपटॉपच्या आत एक छोटं घड्याळ असतं, लॅपटॉप बंद असतानाही चालणारं. ते एकच आहे, आणि दोन्ही घरं त्याच्याकडे बघतात. मिंट मानतं की त्या घड्याळात ग्रीनिचची वेळ असते, त्यात साडेपाच मिळवले की इथली वेळ. विंडोज मानतं की घड्याळात इथलीच वेळ आहे. मिंट नेटवरून खरी वेळ घेतं आणि घड्याळात ग्रीनिचची लिहून ठेवतं. नंतर विंडोज उघडलं की ते तीच इथली समजून दाखवतं. एरवी विंडोजही नेटवरून स्वतःला दुरुस्त करून घेतं, पण आप्पांच्या विंडोजचं नेट मीच तोडलं होतं. दोघांपैकी खोटं कुणीच बोलत नव्हतं.

भारताची प्रमाणवेळ १ जानेवारी १९०६ पासून सुरू झाली. पण मुंबईने स्वतःची, ३९ मिनिटं मागची वेळ पुढेही कितीतरी वर्षं सोडली नाही. आजोबा तरुणपणी गिरगावात एका छापखान्यात जुळारी होते. ते सांगायचे, भेटायचं ठरलं की आधी विचारून घ्यावं लागे: स्टँडर्ड का बॉम्बे? आप्पांना फोनवर ही आठवण करून दिली. ते म्हणाले, “मग ह्यालाही विचारायला शिकवायचं का?” म्हटलं, नाही, मिंटला सांगतो घड्याळात इथलीच वेळ ठेव म्हणून. एका ओळीची आज्ञा आहे. ती त्यांनी मी सांगेन तशी, एक एक अक्षर, मधली जागाही विचारून टाइप केली.

चार दिवसांचं नुकसान मात्र बघावं लागलं. दुपारी तीनला मिंटमध्ये केलेली फाइल आणि संध्याकाळी सातला विंडोजमध्ये सुधारलेली तीच फाइल, यांत सातची जुनी ठरली होती. नवी असेल तीच कॉपी कर, असा बॅकअप लावला असता तर सुधारलेल्या फाइलवर न सुधारलेली बसली असती. सुदैवाने अशा दोनच फाइली निघाल्या.

मधे एकदा मिंटमधून विंडोजची बाजू उघडेना, कारण लवकर सुरू व्हावं म्हणून मी हायबरनेशन पुन्हा चालू करून आलो होतो. तेवढ्यावर विंडोज बंद केल्यावरही पुरतं बंद होत नाही, अर्धं पान उघडं ठेवून झोपतं, आणि मिंट अशा पानावर लिहायला नकार देतं. बरं करतं. हायबरनेशन कायमचं बंद केलं. विंडोज उठायला अर्धा मिनिट जास्त घेतं, आप्पा तेवढ्यात चष्मा शोधतात.

मागच्या महिन्यात गेलो तेव्हा लॅपटॉपच्या कडेला एक कागदाची पट्टी चिकटवलेली दिसली. आप्पांचं बारीक, सरळ अक्षर: ‘वरची ओळ – बँक, पत्रं. खालची ओळ – जुनी कामं.’ त्याखाली नंतर, वेगळ्या शाईने लिहिलेलं: ‘सोमवार-गुरुवार – कवितासंग्रह.’

गुरुजींचा तो कवितासंग्रह ते युनिकोडमध्ये आणतायत. विंडोजमध्ये मजकूर काढायचा, कन्व्हर्टरमधून घालायचा, मिंटमध्ये उघडून वाचायचा. जुन्या फॉन्टमध्ये ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी टाइप व्हायची, युनिकोडमध्ये ती अक्षरानंतर येते, रफाराचं नेमकं उलट. कन्व्हर्टर बहुतेक ठिकाणी बरोबर जागा शोधतो. काही ठिकाणी चुकतो. म्हणून आप्पांनी छापील प्रत डावीकडे उघडी ठेवलेली असते, उजवीकडे प्रिंट, हातात लाल पेन्सिल.

मी गेलो तेव्हा चौदावं पान चालू होतं. गुरुजींच्या ओळीत सह्याद्रीच्या दऱ्यांत ऊन उतरत होतं आणि प्रिंटमध्ये ते दर्यांत उतरलं होतं. आप्पांनी त्या शब्दाभोवती गोल केला, समासात ‘ऱ्या’ काढून दाखवला, मला विचारलं, “हा तुझ्या कीबोर्डवर कुठं सापडतो?” आणि खुर्ची थोडी बाजूला सरकवून मला जागा करून दिली.